केरसुणीवाल्या बाईचं घर

तेव्हा मी पाथरीच्या कचेरीत कारकून होतो. बी.ए. झालेला, बुशकोटाला इस्त्री, आणि आपल्याला माणसं ओळखता येतात हा दांडगा गैरसमज. सरकारनं बेघरांसाठी गावाबाहेर मातीच्या भिंतींची, पत्र्याची घरं बांधली होती आणि अर्जांची चौकशी माझ्याकडं होती.

एसटी स्टँडमागच्या धर्मशाळेच्या ओसरीत एक म्हातारी राहायची. दुष्काळात गाव सुटलेलं, मागं कुणी नाही. शिंदीच्या केरसुण्या बांधून विकायची. तिचा अर्ज आला तसा मी रहिवासी दाखला मागितला.

"कुठला आणू, बाबा? ऱ्हायला जागा न्हाई म्हून तर आले."

मला यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट अर्जावर शेरा मारला, 'अर्जदार घर सांभाळेल याची खात्री नाही. प्रथम वर्षभर एका ठिकाणी स्थिर राहून दाखवावे.' वाक्य इतकं आवडलं की शेजारच्या टेबलावर वाचूनही दाखवलं.

तहसीलदारांनी बोलावून घेतलं. "स्थिर कुठं राहून दाखवावं तिनं? तुमच्या खोलीवर?"

घर मिळालं. मी मात्र कचेरीभर सांगत फिरलो की, दोन महिन्यांत पत्रे विकून बाई परत ओसरीत येते की नाही बघा.

दोन महिन्यांनी मुद्दाम भर दुपारी तपासणीला गेलो. दाराला आतून कडी.

"कोण हाय?"

"कचेरीतून आलोय."

"थांबा मग."

पाऊण तास उन्हात थांबलो. काहीतरी लपवायलीय, अशी माझी खात्रीच झाली. मग दार उघडलं. ओले केस, धुतलेलं लुगडं.

"न्हायलते," ती ओशाळून म्हणाली. "इतकी वर्सं उघड्यावर, अंगावरच्या लुगड्यानिशी उरकलं. आता दार लावता येतंय. लय येळ लागतो, बाबा."

पत्रे मोजायला काढलेली वही मी पिशवीत सारली.

"या आत. पर बूट भाईर."

बूट काढले. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आला. तिनं तो बघितला.

"लगीन न्हाई झालं?"

"नाही."

"सोताचं घर?"

"भाड्याची खोली आहे."

"मंग तुमी बी अर्ज द्या की," म्हणत तिनं गुळाचा चहा पुढं केला.

पुढं माझी बदली झाली, तोवर ती त्याच घरात होती. माझा तो शेरा मात्र फायलीत राहिला, खाली माझ्याच वळणदार सहीसकट.