वेंडेलच्या चार मोठ्या पिशव्या

आमच्या कॅमस फोर्क गावात कोणाचं काय चाललंय हे कळायला दारं ठोठावावी लागत नाहीत. वर्नाच्या दुकानात तासभर टेकलं की पुरे. सप्टेंबरात, शिकारीच्या हंगामात, तर माणूस काय विकत घेतो यावरून तो कुठल्या डोंगरावर, कोणाबरोबर आणि बायकोला काय थाप मारून चाललाय, इथपर्यंत सगळं उलगडतं. म्हणून वेंडेल ओस्बी मांसाच्या पिशव्यांच्या फळीसमोर पाऊण तास उभा राहिला, तेव्हा दुकानातल्या तिघांनी आपापली खरेदी उगाच लांबवली.

वेंडेल अडुसष्ट वर्षांचा. तीस हिवाळे त्यानं रस्त्यांवरचं बर्फ लोटायची गाडी चालवली. लग्नाच्या भानगडीत पडला नाही. दर वर्षी क्लाइड नावाच्या दोस्ताबरोबर एक एल्क, म्हणजे घोड्याएवढं सांबर, मारायचा, की वर्षाचं मांस झालं. यंदा क्लाइडचे गुडघे गेले आणि लेक त्याला ॲरिझोनाला घेऊन गेली. जाताना पठ्ठ्या पिशव्याही बांधून घेऊन गेला. तिथल्या वाळवंटात त्यांत काय भरतोय, देव जाणे.

फळीवर जाळीदार कापडाच्या दोन तऱ्हा होत्या. मोठ्या पिशवीत एल्कची अख्खी तंगडी हाडासकट जाते, मागची असेल तर सत्तर-ऐंशी पौंड. लहान पिशवीत हाडावरून सोडवलेलं मांस भरायचं, तीस-पस्तीस पौंड, म्हाताऱ्या पाठीला झेपेल इतकं. लहान घ्यायच्या तर आठ लागतात. आणि आठ लहान घेणारा एकटा चाललाय, हे दुकानातल्या मांजरालाही कळतं.

"किती जण निघालात?" वर्नानं गल्ल्यामागून विचारलं. तिला माहीत होतं.

"दोघं," वेंडेल म्हणाला, आणि चार मोठ्या उचलल्या.

"दुसरा कोण, तुझी सावली? मागच्या तंगड्या तिच्या पाठीवर दे हं!"

"तू पैसे घे गं, बाई."

शनिवारी सकाळी, गाडी लावायच्या जागेपासून तीन मैल वर, त्याला नर मिळाला. गोळी चोख बसली. 'बघितलंस?' म्हणत तो मागे वळला, तर क्लाइडच्या जागी नुसती झुडपं.

आमच्यात एक रीत आहे. मेबलच्या हॉटेलात कॉफी मागवायची आणि सहज म्हणायचं, "वर एक पडलाय." जो मोकळा असेल तो कप ठेवून उठतो, ओझं वाहतो, वाटा घेतो. मात्र शिकाऱ्यानं असं म्हटल्याशिवाय कोणी मदतीला जात नाही. न बोलावता जाणं म्हणजे, तुझ्याच्यानं आता होत नाही, असं तोंडावर म्हणणं.

वेंडेलनं सांगितलं नाही. पुढच्या दोन तंगड्या त्यानं शनिवारी दोन खेपांत उतरवल्या. रविवारी मागची एक उचलायला गेला, तर ती त्याला घेऊन खाली बसली. शेवटी हाड काढून मांसाचे दोन भाग केले. एक पिशवीत घातला. दुसऱ्याला पिशवी नव्हती, आणि माश्या वाट बघतच होत्या. त्यानं सदरा काढला, बाह्यांना गाठी मारल्या आणि त्यात मांस भरलं. दिवसभरात दोनदा तो बनियनवर गावातून गेला. मेबलच्या खिडकीत सहा डोकी होती. पेट्रोलपंपवाला लेलंड, ज्याची जीभ झोपेतही चालते, तो म्हणाला, "ओस्बीनं एल्कला कपडे घातलेत." सगळे हसले, आणि मग एकेकानं आपापल्या कपात डोकं घातलं.

सोमवारी ऊन तापलं. एक तंगडी अजून वर लटकत होती, सदरे मात्र संपले होते. वेंडेल हॉटेलात आला. सगळे कप जागच्या जागी थांबले.

"यंदा सप्टेंबर गरम आहे," तो म्हणाला.

"आहे खरा," लेलंड म्हणाला.

वेंडेलनं कॉफी अर्धी ठेवली आणि गेला.

वर जाऊन त्यानं हाडाशी सुरी घातली. आंबूस भपका आला. आत गरम राहून मांस नासलं होतं. वर्षाच्या मांसाचा चौथा हिस्सा तरी गेला. तरीही मारलेलं मांस डोंगरात टाकून येणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. त्यानं अर्धं पिशवीत भरलं आणि उरलेल्याकडे बघत बसून राहिला.

वाटेवर धापा टाकत लेलंड उगवला. पाठीवर ओझं बांधायची रिकामी चौकट, हातात फुलाफुलांचा उशीचा अभ्रा.

"इकडे कुठे?" वेंडेलनं विचारलं.

"असाच. पाय मोकळे करायला."

"अभ्रा घेऊन?"

"बायकोला बोलू नकोस."

वेंडेलनं अभ्र्यावरची फुलं पाहिली. मग बाजूला सरकला. "वर एक पडलाय," तो म्हणाला.

लेलंडनं अभ्रा उघडला. वास त्याच्या नाकात शिरला, तेव्हा डोळे पाणावले. तीन मैल तो वेंडेलच्या मागून ते नासलेलं ओझं वाहत उतरला, आणि जन्मात पहिल्यांदाच अवाक्षर बोलला नाही.