मामांच्या घरातला कॅनडाचा कायदा

ऐंशीच्या दशकात कॅनडाचा कायदा सबंध टेक्ससमध्ये एकाच घरात लागू होता, आणि ते घर माझ्या बायकोच्या मामांचं. नागपुरात वकिली केलेले मामा डॉक्टर मामींच्या मागोमाग प्लेनोला आले आणि इथल्या कायद्याशी त्यांचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. "अमेरिका म्हणजे भांडून वेगळा निघालेला भाऊ. आपण आणि कॅनडा एकाच इंग्रजी कायद्याच्या हाताखाली वाढलो," असं म्हणत त्यांनी तिथल्या कायद्याचा पोस्टाने शिकवला जाणारा प्राथमिक कोर्स घेतला. कॅनडात पाऊल मात्र कधी टाकलं नाही. थंडी सोसत नाही म्हणाले.

कायदा म्हणजे सत्तेची आज्ञा की माणसाची सदसद्विवेकबुद्धी, हा प्रश्न त्यांना नेमका स्टॉप साइनपाशी पडायचा. चारही रस्ते मोकळे, मागे हॉर्न, आणि मामा मला विचारताहेत, "जावईबापू, कोणी बघत नसेल तरी आपण का थांबतो?" मागच्याने खिडकीतून दिलेलं उत्तर लिहिण्यासारखं नाही.

घरात पूर्वनिर्णयाचं, म्हणजे प्रिसिडंटचं राज्य. एकदा दिलेला निकाल पुढच्या तशाच प्रकरणात बंधनकारक. एका रविवारी मामींना बरं नव्हतं म्हणून मामांनी भांडी घासली, तेव्हापासून मामींना बरं असो-नसो, रविवारची भांडी मामांची. तक्रार करणार कुणाकडे, कायदा त्यांचाच.

मग त्यांच्या लेकीला बॉस्टनच्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली. मामांचा सगळा जीव तिच्यात. "इथेच घरून जा," त्यांनी सांगून टाकलं. जेवताना तिने थोरल्या भावाचं कॅलिफोर्नियाला शिकायला जाणं काढलं. "बाबा, दॅट्स प्रिसिडंट." मामा म्हणाले, "ते प्रकरण वेगळं. तो मुलगा." झालं, तिथेच फसले. कॅनडाच्या नव्या हक्कांच्या सनदेत, म्हणजे चार्टरमध्ये स्त्री-पुरुष समान, हे त्याच टेबलावर वरणभात कालवत त्यांनीच तिला शिकवलं होतं. "व्हॉट अबाउट द चार्टर?" तिने शांतपणे विचारलं. मामी वाढायच्या थांबल्या. मामा भात चिवडत म्हणाले, "जा."

ऑगस्टमध्ये तिला एअरपोर्टवर सोडून आम्ही दुपारी परतलो. घरी तिच्या खोलीचं दार लोटत मामा म्हणाले, "निकाल बरोबरच होता, जावईबापू. पोरीने काय मुद्देसूद मांडलं." मग म्हणाले, "पण आता जेवताना माझ्याशी वाद कोण घालणार?"

मला फार वाईट वाटलं. आम्ही तिथेच जेवलो. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी हात वाळेपर्यंत मी त्यांच्याशी भांडत बसलो.