पडदा अडकला तेव्हा मीही हसलो

पडद्यावर गोल चकती फिरत होती. फिरतच होती. समोर बी.एस्सी.ची पोरं, पहिल्या रांगेत दुसऱ्या कॉलेजातून आलेले पाहुणे प्राध्यापक, आणि कॉम्प्युटरपाशी मी. ग्रंथपाल. माउस मुठीत घट्ट धरलेला, जणू गळा आवळला की इंटरनेट घाबरून पळायला लागेल.

प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख पाहुण्यांकडे वळले. आम्ही सगळे त्यांना हेडसर म्हणायचो. हसत म्हणाले, "ग्रंथपाल कोट्यातले. त्यांचा व्हिडिओपण कोट्यातलाच. सावकाशच वर येणार."

हॉल हसला. पाहुणे हसले. पोरं हसली.

मीही हसलो. जरा जास्तच मोठ्यानं.

दोन हजार आठच्या आसपासची ही गोष्ट. कोल्हापुरातल्या त्या कॉलेजात मी बरीच वर्षं ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा तसा कुणातच नसलेला माणूस. शिक्षकांची सहल निघाली की आम्ही ऑफिसचे, ऑफिसची निघाली की आम्ही शिक्षकांचे. त्यामुळं माझं पन्हाळा बघणं बायकापोरांबरोबरच झालं. डबा मी कपाटांच्या मागं बसून खायचो. सवयीनं ते बरंही वाटायचं. पुस्तकं कुणी काय भाजी आणली विचारत नाहीत.

मग कॉलेजात ब्रॉडबँड आलं आणि माझ्या अंगात आलं. पुस्तकातल्या आकृतीत काळीज धडधडत नाही, ते इंटरनेटवर धडधडताना दिसतं, हे मला कळलं. कुठल्या शिक्षकाचा कुठला धडा चालू आहे ते विचारायचं, त्यावरचे व्हिडिओ शोधायचे, ते कुणी केलेत ते बघायचं, भंपक असतील ते टाकून द्यायचे. इंग्रजी फार नाकातलं असेल तर काय चाललंय ते मराठीत सांगायची तयारी ठेवायची. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित केलंही नसतं, आमचा स्वभावच तसा.

पण तेव्हाचं ब्रॉडबँड म्हणजे उन्हाळ्यातला नळ. म्हणून सकाळी लवकर जाऊन व्हिडिओ लावायचा, लगेच थांबवायचा, आणि खालची पट्टी भरत जाते ती बघत बसायचं. पूर्ण भरली की तासाला एका दमात चालतो. मधे कुणी कॉम्प्युटर बंद केला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. मी कीबोर्डवर टॉवेल टाकून ठेवायचो. बायको म्हणायची, "पोरगीला न्हाऊ घालून एवढं गुंडाळलं न्हाईसा कधी."

त्या दिवशीही सकाळी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर पट्टी भरून ठेवली होती. कोंबडीचं अंडं वरून उघडलेलं, आत गर्भ, आणि गर्भात मोहरीएवढं लाल काळीज धडधडतंय. पण ती होती खंडेनवमी. हेडसरांनी पाहुणे मुद्दाम त्याच दिवशी बोलावलेले. आधी यंत्रांची पूजा, पाहुण्यांसोबत फोटो, मग व्हिडिओचा तास. मी हॉलवर पोचलो तेव्हा कीबोर्डवर हळदकुंकू, प्रोजेक्टरला झेंडूची माळ आणि कॉम्प्युटर थंड.

शिपाई मामा कानाशी येऊन म्हणाले, "हेडसरांनीच बंद करायला लावला की. पुजंची मशीन त्या टायमाला चालू ठेवत न्हाईत म्हणं. मी म्हटलं, ग्रंथपालसाहेबास्नी इचारतो. तर म्हणालं, काय गरज न्हाय."

पूजेला मला का बोलावलं नाही, तेही हेडसरांनी स्वतःच सांगितलं. खांद्यावर हात ठेवून. "तुम्ही बौद्ध. तुमच्यात पूजा चालत नाही ना? म्हणून मुद्दाम नाही बोलावलं. मान राखला तुमचा."

असा मान राखलेला मी, अर्ध्या तासात पट्टी पुन्हा भरेल या आशेवर माउस धरून उभा होतो. मशीन तुम्ही बंद केली, एवढंच वाक्य म्हणायचं होतं. त्याच्याऐवजी हसू बाहेर पडलं.

कळंब्याला घरी आलो. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. मला गोष्टी रंगवून सांगायची खोड आहे. हेडसरांचा आवाज काढला, चकती बोटानं फिरवून दाखवली, पाहुण्यांची पोटं कशी हलली ते दाखवलं. ती हसेल म्हणून थांबलो.

ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"त्यो बोलला त्ये कळलं," ती म्हणाली. "तुमी कशाला हसलासा?"

मी म्हटलं, "अगं, गंमत..."

"कुणाची?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

त्यानंतर माझं डोकं मागं मागं जायला लागलं. मी कुठं कुठं हसलो होतो? नोकरीला लागलो त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला होता, "या, सरकारचे जावई." मी म्हटलं होतं, "जावई आहे खरा, पण सासुरवाडीत जेवायला कुणी बोलवत नाही." काय हशा पिकला होता! मला वाटलं, जिंकलो. तेव्हापासून मी हा धंदाच केला. कुणी मारायच्या आत आपणच आपल्याला चापट मारून घ्यायची, वर टाळी मागायची. मला लोक विनोदी म्हणायचे. विनोदी कसला. भ्यालेला होतो.

दिवाळीची सुट्टी संपली. हेडसरांचा निरोप आला, तोच अंड्याचा व्हिडिओ वर्गात हवा. मी सकाळी वर्गातच पट्टी भरली, सगळं लावलं. काळीज धडधडायला लागलं. पोरं पुढं झुकली. खरंच झुकली, ते मी अजून विसरलो नाही.

हेडसर म्हणाले, "वा! आज कोट्यातली गाडी वेळेवर आली."

वर्ग हसला. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं हसली ती मागच्या बाकावरची एक पोरगी. कबनूरची. आईबाप यंत्रमागावर कामाला. मागासवर्गीयांच्या बुक बँकेतून पुस्तकं न्यायची, आणि बुक बँकेतून कोण नेतं हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. ती हसली आणि हळूच इकडंतिकडं बघितलं, आपलं हसणं सगळ्यांना दिसलं ना म्हणून.

ते बघणं मला पाठ होतं. माझंच होतं.

मी व्हिडिओ थांबवला.

"काय झालं?" हेडसर.

"सर, ते वाक्य मागं घ्या. मग पुढं चालू करतो."

"अहो, गंमत केली."

"व्हय. मीबी लई वर्सं गंमतच करत हुतो." वर्गात मी नेहमी शुद्ध बोलायचो. त्या दिवशी जीभ घरचीच निघाली.

हेडसरांचा चेहरा लाल झाला. "शिकवणं माझं काम आहे. बटण दाबणं तुमचं."

मी बटणावरचा हात काढला. खिशात घातला.

ते निघून गेले. त्यांच्यामागं पोरं गेली. कबनूरची पोरगीही गेली, वही छातीशी धरून, माझ्याकडं न बघता. रिकाम्या बाकांसमोर पडद्यावर ते लाल काळीज थांबलेलं, आणि मी.

प्राचार्यांनी बोलावलं. "दिलगिरी व्यक्त करा. विषय मिटवून टाकू."

मी म्हटलं, "कशाबद्दल, साहेब?"

ते समोरचे कागद सारखे करायला लागले. दिलगिरी मी दिली नाही. हेडसरांनीही वाक्य मागं घेतलं नाही. त्यानंतर कुठल्याही विभागाचा निरोप माझ्याकडं आला नाही. स्टाफरूममध्ये मी गेलो की चहा संपलेला असायचा. माझ्या विनोदांवर हसणारे मित्र होते, असं मला वाटायचं. विनोद बंद झाले आणि मित्र कोण ते कळलं. कुणीच नव्हतं.

मग मी वाचनकक्षातच शनिवारी व्हिडिओ लावायला लागलो. बोर्डावर विषय लिहायचा, सकाळी पट्टी भरायची, पुढं उभं राहून मराठीत समजावून सांगायचं. पहिले कित्येक शनिवार खुर्च्यांनाच सांगितलं. पुढं अधूनमधून कुणीतरी यायचं, मागं बसायचं, संपायच्या आत उठून जायचं. ती पोरगी आली नाही. पास होऊन गेली. आज कुठं आहे, कुणाच्या वाक्यावर हसते आहे, मला ठाऊक नाही.

माझ्या पोटावर हसा. विसराळूपणावर हसा, मीही तुमच्याबरोबर हसेन, घरातली पोरं तर रोज हसतात. पण माझ्या जन्मावर कुणी हसलं, तर चाललेलं काम मी तिथंच थांबवतो. वर्ग असो, पाहुणे असोत, लग्नाची पंगत असो. वाक्य मागं घेतल्याशिवाय पुढं जात नाही. खोली रिकामी झाली तर होऊ दे.