दुर्बिणीला लावलेलं गंध

“या पेटीला गंध कुणी लावलं?” मी विचारलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तळेगावजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये उपग्रहावर जाणारी क्ष-किरण दुर्बीण बनत होती. क्ष-किरण म्हणजे दवाखान्यात फोटो काढतात तेच. ते ताऱ्यांकडूनही येतात, पण हवा त्यांना अडवते, म्हणून यंत्र वर पाठवायचं. या दुर्बिणीचा डोळा म्हणजे गॅस भरलेली एक पेटी. तिच्या तोंडावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पत्रा. जाड लावला तर किरण आतच येत नाहीत. चार दिवसांवर टेस्ट होती. त्यात पास, तरच उपग्रहावर जागा.

खंडेनवमीला लेथ, ड्रिल, पान्हे, सगळ्यांची पूजा व्हायची. पेटी मात्र मी कपाटात बंद ठेवली होती. आता पत्र्यावर लालभडक ठिपका होता, आणि मधोमध भोक. गॅस केव्हाच उडून गेला होता.

फिटर नामदेवभाऊ जवळच्याच नवलाख उंबरे गावचे, टेंपररी, कायम व्हायच्या बेतात. ते म्हणाले, “सायब, आमी नगं म्हनलं. मोठ्या सायबांनी त्येंच्याकडची दुसरी किल्ली लावली. म्हनले, आभाळात जानार त्येलाच गंध न्हाई व्हय?”

मी तडक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

“नामदेवच्या हातून फुटलं म्हणून सांगू,” साहेब शांतपणे म्हणाले. “टेंपररी माणूस आहे.”

“सर, बोट तुमचं होतं.”

“तुम्हाला प्रमोशन हवंय ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या माणसाने दोन वर्षं जीव ओतून ती पेटी घडवली होती.

नवा पत्रा परदेशातून यायचा. टेस्ट हुकली. बंगलोरहून उपग्रहवाल्यांची कमिटी आली. साहेबांनी तोंड उघडलं, “आमच्या एका फिटरने...”

“फिटरने नाही, साहेबांनी,” मी म्हणालो. “गंध लावताना.”

कुणी हसलं नाही. उपग्रहावरची जागा दुसऱ्या यंत्राला गेली. नामदेवभाऊ कायम झाले. साहेबांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही, माझं प्रमोशन मात्र अडलं. याचा संताप मला आजही येतो.

पुढच्या खंडेनवमीला साहेब पुन्हा गंधाची वाटी घेऊन आले. नामदेवभाऊंनी त्यांना सरळ लेथपाशी नेलं.

“हितं लावा, सायब. ह्ये लोखंड हाय.”

तेव्हापासून मी एकच नियम पाळला. नाजूक यंत्राच्या कपाटाची दुसरी किल्ली करायचीच नाही.