वारसाचा रकाना

मास्तरीणबाई विमा एजंटाला आधी चहा द्यायच्या आणि तो बशीत ओतून घेईपर्यंत त्याच्या हातातला कागद काढून घ्यायच्या. वरची छापील आश्वासनं त्या वाचतच नसत. बोट थेट खालच्या रकान्यावर: माणूस गेल्यावर पैसे कोणाला?

लढाईच्या काळात राहात्याला मी त्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो. साखर कारखान्यात कारकून होतो, घरात बायको आणि वर्षाची मुलगी. बाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान शाळामास्तर होते, म्हणून गावानं ठेवलेलं मास्तरीणबाई हे नाव. विमा काढताना चारचौघांत बायकोचं नाव कसं घ्यायचं, म्हणून मास्तरांनी वारस म्हणून थोरल्या भावाला लावलं आणि ते तिशीतच गेले. दिरानं पैसे उचलले, विहिरीवर इंजिन बसवलं आणि भावजयीला सांगितलं, "दोन वेळचं जेवण आहे की तुम्हाला." बाईंनी ते जेवण नाकारलं, ट्रेनिंग केलं, नोकरी धरली. "इंजिन अजून चालतं म्हणे," त्या म्हणायच्या. "रॉकेलवर नाही, आमच्या मास्तरांवर."

एजंट म्हटलं की माझ्या कपाळावर आजही आठी चढते. माझ्याकडे आला तो कॅलेंडर घेऊन, मुलीच्या लग्नाचा विमा विकायला. मी भुललोही होतो. बाई दारातूनच म्हणाल्या, "पाळण्यातलं लेकरू पगार आणतं का रे? जो मिळवतो त्याचा विमा काढ. साधा घे, बोनसच्या नादी लागू नकोस. हप्ता वर्षाचा एकदम भर, महिन्याचा महाग पडतो. आणि झेपेल तेवढाच घे, मध्येच बंद पडला तर भरलेलंही पाण्यात."

"बाई, शुभ बोलणं चाललंय, त्यात मरणाचं कशाला काढता?" एजंट म्हणाला.

"मग तुम्ही काय विकायला आलात?"

साधा विमा ठरला. वारसाचा रकाना तेवढा उरला. नेमका त्या दिवशी काष्टीहून माझा थोरला भाऊ आलेला, बाजेवर बसलेला. एजंटानं नाव विचारलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. दादा म्हणाला, "लिवा की आमचं. आमी काय परकं हाय व्हय?" बायकोचं नाव माझ्या जिभेवर होतं, पण दादासमोर ते काही बाहेर पडेना. लग्नात उखाण्यात एकदाच घेतलेलं नाव. एजंटानं दादाचं नाव लिहिलं आणि मी मान खाली घालून सही केली. त्या सहीची मला आजही चीड येते.

दादा परत गेल्यावर बाई म्हणाल्या, "महिनाअखेर खोली सोड."

"बाई, माझा भाऊ तसा नाही."

"कोणाचाच नसतो. माझ्या दिरानं मास्तरांना खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. पण तुझ्या बायकोचं माझ्यासारखं झालेलं मला माझ्याच घरात बघायचं नाही."

मी तीन दिवस धुसफुसत होतो. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी बाई, असं बरंच काही बडबडलो. चौथ्या दिवशी बायकोनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "माझं नाव इतकं वाईट आहे का हो?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मोटारीनं नगरला गेलो. कंपनीच्या कचेरीतल्या कारकुनानं नवं नाव विचारलं. "शांता," मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या. पोच आणून बाईंपुढे ठेवली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "राहा." दादा वर्षभर बोलला नाही. मग बोलायला लागला.

बाईंचा स्वतःचा विमा नव्हता. "माझ्या पगारावर मागं कोण जेवणार आहे? मग हप्ते कशाला भरू?" असा त्यांचा रोखठोक हिशेब.

सहा वर्षांनी बाई विषमज्वरानं गेल्या. दुपारी दीर आले. वहाणाही काढल्या नव्हत्या आणि मला बाजूला घेऊन पहिला प्रश्न, "विमा-बिमा होता का हो?" इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. "नव्हता," म्हणालो. हे उत्तर तरी बाईंनी माझ्या हातात ठेवलं होतं.

तेवढ्यात चावडीवरचा माणूस मयताची नोंद करायला वही घेऊन आला. "नाव?"

"आमच्या धाकट्याची विधवा, असं लिहा," दीर म्हणाले.

मी उसळलो. "नाव लिहा. बाईंना नाव होतं."

"सांगा की मग," तो माणूस टाक धरून म्हणाला.

इतकी वर्षं मी त्यांना बाई म्हणत होतो. त्यांचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं.

आतून शांता उंबऱ्याशी आली. सगळ्या पुरुषांसमोर, मान वर करून ती म्हणाली, "द्वारका."