सदतिसावी चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाही बोललो नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून माझं चोरून खाल्लेलं फरसाणसुद्धा लपत नाही. आता तुम्हाला सांगतोय, कारण... नको, कारण नको. कारणं द्यायला लागलो की मी पुन्हा तोच माणूस होईन. नुसतं सांगतो.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. चिंचणीच्या बाजारात माझा दवाखाना आहे, वीसेक वर्षं झाली. आज बाकावर जागा नसते, पण सुरुवातीला माश्या मारत बसायचो, आणि चिंचणीत माश्यांना तोटा नाही. लोक साखरेच्या गोळ्यावाला म्हणायचे. तेव्हा मला उभं केलं ते डहाणू-तलासरीतल्या आम्हा होमिओपॅथांच्या संघटनेनं. हे आधी सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की मला कुणी वळण लावलंच नाही. लावलं. भरपूर लावलं.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही बोर्डीच्या एका शाळेत जमतो, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून. कुणाच्या तरी वाडीतले चिकू असतात, चहा असतो. याच माणसांनी मला दवाखान्याची खोली शोधून दिली, नोंदणीचे कागद करून दिले. गुजराती पेशंट ‘चूंक’ म्हणाला तर ती पोटातली कळ, हेही इथेच शिकलो. आणि संघटनेच्या चिटणीस होत्या वसुधाताई. आवाज बारीक, पण सगळे त्यांना वचकून असायचे. मीही.

ताईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठीपुस्तक दिलं होतं. ज्या दुखण्याला आपला हात पुरत नाही, त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी. वरची प्रत पेशंटला, कार्बनखालची पुस्तकात. रविवारी ताई प्रत्येकाचं पुस्तक बघायच्या आणि खालच्या प्रतीवर हिरव्या शाईची खूण करायच्या. ‘चिठ्ठी देणारा डॉक्टर लहान होत नाही,’ म्हणायच्या. मी मान डोलवायचो. पण खरं सांगू? मला प्रत्येक चिठ्ठी हार वाटायची.

मग हिरामावशी आली. मासे विकणारी, साठीच्या आतबाहेरची, डोक्यावर टोपली घेऊन पाड्यापाड्यांतून फिरणारी. पायाच्या अंगठ्याला सुरमईचा काटा लागला होता. जखम भरत नव्हती. तिला साखरेचा आजार आहे हे मला ठाऊक होतं – हो, ठाऊक होतं. मी पुड्या दिल्या. आठ दिवसांनी आली तर अंगठा काळसर. ठणका वाढला म्हणाली. आणि मी हसून म्हणालो, ‘वाढला ना? म्हणजे औषध लागू पडलं. आधी वाढतं, मग उतरतं.’

आमच्या शास्त्रात असं म्हणतात. पुस्तकात आहे, मला पाठ होतं. पण काळं पडणारं बोट समोर असताना मी ते वाक्य का म्हणालो? चिठ्ठीपुस्तक टेबलावरच होतं, हातभर अंतरावर. मी पुड्या वाढवून दिल्या. ती खूश होऊन गेली. दुखणं वाढलं म्हणून खूश होऊन गेलेली बाई मी पाहिली आहे, आणि तिला खूश मी केलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी संघटनेचं शिबिर आमच्या गावात लागलं. हिरामावशी लंगडत आली, ती नेमकी ताईंच्या टेबलाशी. ताईंनी फडकं सोडलं, वास घेतला, आणि तिला शिबिराच्या गाडीत घालून वापीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जाताना मला एवढंच विचारलं, ‘चिठ्ठी दिली होतीस?’

मी म्हणालो, ‘हो. दोन आठवड्यांपूर्वीच. त्या गेल्या नाहीत.’

इतकं सहज आलं तोंडातून. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि चिठ्ठी लिहिली, मागची तारीख टाकून. अनुक्रमांक सदतीस. खालची प्रत पुस्तकात राहिली. वरची फाडली आणि – फेकायला धजलो नाही – औषधांच्या जाड पुस्तकात ठेवून दिली.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. याच्या पुढचं भित्रेपणा नाही.

शुक्रवारी संघटनेतले आम्ही तिघं-चौघं तिला भेटायला वापीला गेलो. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर अख्खा पाय, किंवा जीवच, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तिचा मुलगा उशाशी उभा होता, माझ्याकडे बघत. आणि मी सगळ्यांसमोर, अगदी मायेनं, तिला विचारलं, ‘मावशी, मी चिठ्ठी दिली होती ना तुम्हाला?’

ती विचारात पडली. तिला वाचता येत नाही. मी दिलेला प्रत्येक कागद तिला सारखाच. बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, ‘दिली आसंल डाक्टर. पुड्यांच्या कागदात गेली आसंल. माजंच चुकलं.’

मुलगा तिच्यावर खेकसला. मी त्याला शांत केलं. हो, मीच शांत केलं.

रविवारी बैठकीत मी पुस्तक ताईंपुढे ठेवलं. त्यांनी पानं चाळली, पुस्तक परत दिलं. सगळ्यांनी मला धीर दिला. गावात कुजबुज होती, तर संघटनेनं माझ्या बाजूनं पत्र दिलं. आणि माझ्या त्या खोट्यातून एक नियम झाला: यापुढे चिठ्ठी नुसती हातात द्यायची नाही, पेशंटला आणि घरच्या एकाला वाचून दाखवायची. हा नियम चांगला आहे. तलासरीच्या आमच्या एका तरुण डॉक्टरनं असंच एका आजोबांच्या सुनेला चिठ्ठी वाचून दाखवली, तिनं त्यांना तसंच उठवून नेलं, ते वाचले. नव्या सभासदांना हा नियम मीच शिकवतो. उदाहरण म्हणून चिंचणीच्या एका बाईनं चिठ्ठी कशी हरवली, ते सांगतो.

ताई त्या बैठकीनंतर वर्षभर दर गुरुवारी माझ्या दवाखान्यात येऊन बसल्या. बोर्डीहून, दोन बस बदलून. पेशंट कसा बघायचा, पाय कसे तपासायचे, कुठे थांबायचं – सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. मला वाटायचं, बिचाऱ्या मला सावरायला येतात. आज माझ्या हातून जे काही बरं होतं, ते त्या गुरुवारांचं आहे. त्यांचे उपकार मी कोणत्या तोंडानं मोजू?

गेल्या वर्षी ताई गेल्या. त्याआधीच चिटणीसपद माझ्याकडे आलं होतं. जुनी पुस्तकं लावताना माझंच हाती लागलं. छत्तिसावी चिठ्ठी, दुसऱ्याच एका पेशंटची, तिची तारीख सदतिसावीच्या आठवडाभर नंतरची. एवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं. छत्तिसाव्या प्रतीवर हिरवी खूण आहे. अडतिसाव्या प्रतीवर आहे. सदतिसाव्या प्रतीवर नाही.

त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांना मला संघटनेतून काढून टाकता आलं असतं. त्याऐवजी त्या दोन बस बदलून येत राहिल्या, आणि बहुधा मी आपणहून सांगायची वाट बघत राहिल्या. मी गुरुवारी चहा मागवायचो.

हिरामावशी आता टोपली घेऊन फिरत नाही. तोल जातो. घराशी बसून बोंबील सुकवते, विकायला सून जाते. माझ्यावर तिचा जीव आहे. दर मोसमात पहिल्या सुक्या बोंबलांचा वानोळा दवाखान्यात येतो. या वेळी स्वतः आली, नातीचा हात धरून. नातीला म्हणाली, ‘डाक्टर काय सांगतो ते नीट आयकायचं. मी चिठ्ठी हरवली न् बोटं घालवली.’

मी बोंबील घेतले. धन्यवादही म्हणालो.

ती गेल्यावर जाड पुस्तक उघडलं. चिठ्ठी तशीच आहे. तिला माशांचा वास नाही, घडी नाही, पदराच्या गाठीची सुरकुती नाही. हिरामावशीनं ती हरवलेली नाही. ती तिला मी दिलीच नव्हती.