कोकिळाबाईंची फिरंग

आजकालच्या पोरांना वाढदिवसाचा केक कापायला सुरी पुरत नाही, तलवार लागते. दुसरबीडच्या कोकिळाबाईंच्या पुतण्याच्या पोराने, हर्षलने, घरातली फिरंग न विचारता उचलली, चौकात केक कापला आणि वर त्याचा व्हिडिओ गावभर फिरवला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. हर्षलला घेऊन गेले आणि फिरंगही.

फिरंग म्हणजे सरळ पात्याची तलवार. इराणी समशेर वाकडी असते. हिचं पातं गोऱ्यांच्या जहाजातून साता समुद्रापलीकडून आलेलं, मूठ मात्र इथल्या लोहाराने बसवलेली. तिने किती मुंडकी उडवली हे कोकिळाबाईंचे सासरे मिशीला पीळ देत सांगत. कोकिळाबाईंच्या हाती आल्यापासून तिने खांडेनवमीचा कोहळासुद्धा कापला नव्हता. त्या तिला तेल लावत, हळदकुंकू वाहत आणि पुन्हा म्यानात निजवत.

कारण त्यांचं लग्न या तलवारीशी लागलं होतं. एकाहत्तरची लढाई पेटली आणि फौजेतल्या नवरदेवाची सुटी रद्द झाली. ठरलेला मुहूर्त मोडणं देशमुखांच्या घरात अशुभ. मग पाटावर फिरंग उभी केली, तिला मुंडावळ्या बांधल्या आणि कोकिळाबाईंनी पोलादाला हार घातला. उंबऱ्यावर बायांनी नाव घ्यायला अडवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तलवारीसमोर काय नाव घेते ते? तो आल्यावर घेईल."

पाठ करून ठेवलेला उखाणा कोकिळाबाईंनी तसाच गिळला. तो आला नाही, तार आली. एरवी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि विधवेला उखाणा कोण विचारतो? उभा जन्म गेला, पण ते नाव त्यांच्या ओठांवर एकदाही आलं नाही. याचं दुःख त्यांना नवरा न पाहिल्याच्या दुःखापेक्षा कमी नव्हतं.

कोकिळाबाई ठाण्यात गेल्या, तेव्हा टेबलावर फिरंग पडली होती. शेजारी बाजारातल्या चकचकीत पत्र्याच्या तलवारी. मुठीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, पात्यावर केकचं क्रीम वाळलेलं. कोकिळाबाई ते पदराने पुसायला गेल्या, तर हवालदाराने अडवलं.

"आजी, हात नोका लावू. मुद्देमाल आहे तो."

"मले परत भेटन का?"

"ते कोर्ट ठरवन. पण घराण्याची असन तर तसं लिहून घेतो. कोणाची होती? नाव सांगा."

बाकावर मान खाली घालून बसलेला हर्षल घाईने उठला. "साहेब, आमच्या मोठ्या आबाची. भग..."

"चूप बस बे!" कोकिळाबाई ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज हर्षलने कधी ऐकला नव्हता. "तू नोको घेऊ. ते नाव मले घ्याचं आहे."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. हवालदाराकडे पाठ केली आणि तलवारीकडे तोंड करून, अडखळत, नव्या नवरीसारख्या खालमानेने म्हणाल्या,

"दारी थांबली मोटर, हाती आरतीचं ताट,
भगवानराव आले घरी, सरली माही वाट."

हवालदार पेन धरून तसाच बसला. यातलं लिहायचं काय, हे त्याला कळेना.

"नाव तेवढं लिहा," कोकिळाबाई म्हणाल्या. "बाकीचं त्याइच्यासाठी होतं."